कोल्हापुरातील पाळीव कुत्र्यांना धावण्यासाठी कुंपणाची एक जागा द्यावी : महानगरपालिकेला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, तसेच उद्यान आणि आरोग्य विभागांचे अधिकारी,
कोल्हापूर महानगरपालिका, कोल्हापूर.

विषय : पाळीव कुत्र्यांना मोकळे सोडता येईल असे कुंपणबंद मैदान प्रायोगिक तत्त्वावर सुरू करणेबाबत.

महोदय,

कोल्हापूर शहराच्या हद्दीत पाळीव कुत्र्यांना साखळीविना धावता येईल अशी, चारही बाजूंनी भक्कम कुंपण असलेली आणि स्पष्ट नियमांनी चालणारी एक जागा महानगरपालिकेने निश्चित करावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. हौशी लोकांची चैन म्हणून ही मागणी बाजूला ठेवली जाण्याचा संभव आहे. म्हणून ती कुत्रे पाळणाऱ्यांइतकीच कुत्र्यांना भिणाऱ्या आणि त्यांच्यामुळे त्रासलेल्या नागरिकांच्याही हिताची कशी आहे, हे तपशिलाने मांडतो.

शहरातील घरांची रचना बदलली आहे. पेठांतल्या जुन्या घरांना परडे असे, अंगण असे, आणि घरचे कुत्रे दिवसभरात तिथेच हवे तितके हुंदडून घेत असे. आता ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरी या भागांत बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहिली आहेत आणि लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर अशी कामासाठी पैदास झालेली, अंगात रग असलेली कुत्री दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत आहेत. सकाळ-संध्याकाळ साखळीला धरून मारलेली फेरी त्यांना पुरत नाही, कारण ती माणसाच्या चालीने होते आणि कुत्र्याची साधी दुडकी चालही माणसाच्या चालण्यापेक्षा वेगवान असते. सुसाट धावणे, अचानक वळणे, थांबून जमीन हुंगणे, दुसऱ्या कुत्र्याशी खेळणे या गोष्टी साखळीच्या टोकाला होत नाहीत. न वापरलेली ही ताकद मग भुंकण्यातून, दारे ओरबाडण्यातून, पाहुण्यांच्या अंगावर झेपावण्यातून बाहेर पडते. सोसायटीत तक्रारी होतात, कुत्र्यावर चावरा असल्याचा शिक्का बसतो, त्याला गच्चीत बांधून ठेवले जाते आणि बांधल्यामुळे तो आणखी चिडका होतो. शेजाऱ्यांची तक्रार खरी असते आणि कुत्र्याची कुचंबणाही खरी असते.

कायद्याने या गोष्टीची दखल फार पूर्वी घेतलेली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार, नेहमी साखळीला बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला त्याच्या मालकाने पुरेसा व्यायाम न देणे ही क्रूरता ठरते. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे हीसुद्धा क्रूरताच मानली आहे. व्यायाम देण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि ती त्याने दुसऱ्या कोणावर ढकलू नये, हे मला मान्य आहे. परंतु ज्या शहरात कुत्र्याला सुरक्षितपणे मोकळे सोडता येईल अशी एकही सार्वजनिक जागा नाही, तिथे फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मालकाने हे कर्तव्य पार पाडायचे कुठे, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर महानगरपालिकेशिवाय दुसरे कोणी देऊ शकत नाही.

आपल्या भागापुरता यात आणखी एक मुद्दा आहे. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक हा कारवान आणि पश्मी कुत्र्यांचा मुलूख आहे. याच कुळातील मुधोळ कुत्र्याची जोपासना करण्याचे श्रेय मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांना दिले जाते, आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर जी तिकिटे काढली त्यांत मुधोळचाही समावेश होता. ही लांब पायांची, निमुळत्या तोंडाची, नजरेने शिकार हेरणारी कुत्री कोल्हापूरच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर पिढ्यानपिढ्या सांभाळली गेली आहेत आणि आज शहरातही दिसतात. त्यांना दिवसातून थोडा वेळ का होईना, पूर्ण वेगाने धावू द्यावे लागते. मात्र हीच कुत्री उघड्या माळावर सोडण्यासारखी नसतात. लांबवर ससा, मांजर किंवा शेळीचे करडू हलताना दिसले, की कितीही शिकवलेले कारवान मालकाची हाक ऐकून थांबेल याची खात्री देता येत नाही, आणि वाटेत रस्ता आला तर अपघात अटळ होतो. कुंपणाशिवायची मोकळी जागा या कुत्र्यांच्या उपयोगाची नाही. आपण ज्या जातीचा अभिमान बाळगतो, तिला धावण्यासाठी आपल्याच शहरात हक्काची जागा नसावी, ही गोष्ट मनाला लागते.

सध्या काय होते, हेही सांगितले पाहिजे. उजाडण्यापूर्वी, वर्दळ नसताना, कोणी मैदानावर तर कोणी रिंग रोडलगतच्या रिकाम्या प्लॉटवर कुत्र्याला सोडतो. तिथे भटक्या कुत्र्यांची टोळी आली तर भांडण जुंपते, सोडवायला गेलेल्या माणसालाच दात लागतात. पहाटे फिरायला आलेल्या एखाद्या आजींच्या दिशेने कुत्रा खेळण्यासाठी जरी धावत गेला, तरी त्यांना त्याचा हेतू कळण्याचे कारण नाही. त्या घाबरतात, पडतात, आणि पडल्यावर खुब्याचे हाड मोडले तर त्या वयात ते आयुष्यभराचे दुखणे होऊन बसते. म्हणून सार्वजनिक जागी कुत्रा साखळीतच असावा, हा नियम योग्य आहे आणि तो कडकपणे पाळला गेला पाहिजे. माझे म्हणणे इतकेच आहे की, जिथे सोडू नये त्या जागा आपण सांगतो, तेव्हा जिथे सोडावे अशी एक तरी जागा दाखवावी. तशी जागा उपलब्ध झाली, तर इतरत्र सोडणाऱ्याला दंड करताना प्रशासनाची बाजूही भक्कम होईल.

माणसांनाच जागा पुरत नसताना कुत्र्यांना कशाला, हा आक्षेप येईल. तो रास्त आहे, आणि म्हणूनच जागा निवडताना मी काही ठिकाणे आधीच वगळतो. आपले शहर फुटबॉलचे आहे. पेठापेठांच्या संघांना आणि शाळेच्या मुलांना सरावासाठी मैदाने अपुरी पडतात. गांधी मैदान असो वा तपोवन, खेळाच्या मैदानाचा एक कोपराही या कामासाठी मागू नये. रंकाळ्याचा परिसर सुचवला जातो, पण तिथे संध्याकाळी कुटुंबे येतात, लहान मुले पळत असतात, तलावावर पक्षी असतात. तिथे मोकळा कुत्रा नको. शिवाजी विद्यापीठाचे आवार प्रशस्त आहे, मात्र ते महानगरपालिकेचे नाही, तिथे मोरांचा वावर आहे आणि पहाटे चालणाऱ्यांची गर्दी असते. महावीर उद्यान किंवा हुतात्मा पार्क यांसारख्या बागांतून मुलांची खेळणी आणि ज्येष्ठांची बाके आहेत. त्यांच्या वाटणीची हिरवळ काढून घेणे बरोबर होणार नाही.

पंचगंगेच्या पूररेषेतील जमिनीकडेही लक्ष जाते, कारण तिथे इमारत बांधण्यावर निर्बंध आहेत आणि कुंपणाला फारसे बांधकाम लागत नाही. तरीही मला ती जागा पटत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी कुठवर चढले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पूर ओसरल्यावर मागे राहणाऱ्या गाळात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून तो कुत्र्यांना होतो आणि त्यांच्याकडून माणसालाही होऊ शकतो. दर पुरानंतर जागा साफ करून ती पुन्हा सुरू करण्याचा खर्च महानगरपालिकेवर टाकणे शहाणपणाचे नाही.

उरतात त्या उपनगरांतील खुल्या जागा. जमिनीचे प्लॉट पाडण्याचे रेखांकन (लेआउट) मंजूर करताना ४,००० चौरस मीटर आणि त्यापुढील क्षेत्रात दहा टक्के खुली जागा सोडावी लागते, हे आपल्या नगररचना विभागाला मी सांगायला नको. अशा जागांपैकी काहींवर सुंदर बागा झाल्या, काहींवर मंदिरे आणि सभागृहे उभी राहिली, आणि काहींवर काँग्रेस गवत माजून राडारोडा पडला आहे. या तिसऱ्या प्रकारातील एक जागा मी मागत आहे. अडचण आकाराची आहे. एका एकराच्या रेखांकनात अशी जागा चारच गुंठे निघते आणि चार गुंठ्यांत मोठा कुत्रा दोन झेपांत कुंपणाला भिडतो. निदान वीस गुंठे तरी हवेत, म्हणजे ती जागा पाच एकर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनातली असावी लागेल. अन्यथा विकास आराखड्यात उद्यानासाठी आरक्षित असलेली, ताब्यात आलेली पण विकसित न झालेली जमीन पाहावी लागेल. फुलेवाडी रिंग रोड, कळंबा रस्ता आणि कसबा बावडा या बाजूंना असा शोध घेता येईल. घरांच्या भिंतींना अगदी लागून असलेली जागा मात्र घेऊ नये, कारण भुंकण्याचा त्रास खरोखरच होतो.

जागा कोणती यापेक्षा ती कशी बांधली जाते यावर तिचे यशापयश ठरते, म्हणून या बाबतीत थोडे सविस्तर लिहितो. वीस गुंठ्यांच्या चौरस तुकड्याला साधारण सहाशे फूट कुंपण लागते. ते जाळीचे असावे, म्हणजे आत काय चालले आहे हे बाहेरून आणि बाहेरून कोण येत आहे हे आतून दिसते. उंची सहा फूट असावी, कारण पाच फूट सहज ओलांडणारी कुत्री आपल्याकडे आहेत. आणि जाळीचा खालचा काठ जमिनीत गाडलेला किंवा जांभ्या दगडाच्या जोत्यात बसवलेला असावा, नाही तर आतली कुत्री उकरून बाहेर जातील आणि बाहेरची आत येतील. प्रवेशाला एक फाटक पुरत नाही. दोन फाटके आणि त्यांच्यामध्ये छोटा चौक, अशी रचना लागते: पहिले लावून घेतल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, म्हणजे एकाच्या येण्याबरोबर दुसऱ्याचा कुत्रा निसटत नाही. या चौकातच साखळी काढायची. मोकळ्या कुत्र्यांच्या घोळक्यात एकट्या बांधलेल्या कुत्र्याला मागे सरता येत नाही, त्याला कोंडल्यासारखे होते आणि पुष्कळ भांडणे अशीच सुरू होतात.

आतली जागा दोन भागांत विभागावी. पग, पॉमेरेनियन यांसारख्या लहान कुत्र्यांना वेगळा विभाग हवाच, कारण वेगात पळणारा लहानसा प्राणी पाहून मोठ्या कुत्र्याची, विशेषतः कारवानची, शिकारीची वृत्ती जागी होऊ शकते आणि मघापर्यंत खेळ असलेली गोष्ट क्षणात जिवावर बेतते. यात कोणाही कुत्र्याचा दोष नसतो. जागा आखताना ही काळजी घेतली नाही, तर दोष आखणाऱ्याचा असतो.

जमिनीचा विचार आपल्याकडे पावसाच्या अंगाने करावा लागतो. हिरवळ दिसायला छान असली, तरी रोजच्या धावण्याने ती फाटकांजवळ आधी उडते आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे राड होते. फाटकांभोवती आणि कुंपणालगत दाबलेला मुरूम, मध्ये गवत, आणि पाणी साचू नये असा उतार व चर, एवढे केले तर पावसाळ्यातही जागा वापरता येईल. सावलीसाठी कडुनिंब, करंज अशी झाडे लावावीत. पग किंवा बुलडॉग यांसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना धापा टाकून शरीर थंड ठेवणे नीट जमत नाही, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत दुपारी मैदान बंदच ठेवावे. पाण्याचा नळ असावा. उघडे सामाईक हौद मात्र नसावेत, कारण एकाच भांड्यातून रोग पसरतात. गवत वेळेवर कापले नाही, तर गोचीड वाढते आणि गोचीड-तापाने कुत्री दगावतात, म्हणून या कापणीचे वेळापत्रक मैदान सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असावे.

विष्ठेचा प्रश्न टाळून चालणार नाही; लोकांचा सर्वाधिक राग त्यावरच असतो आणि तो योग्य आहे. कुत्र्याची विष्ठा शेणासारखी खत म्हणून जमिनीवर सोडण्याची वस्तू नव्हे. तिच्यातून जंतांची अंडी मातीत मिसळतात आणि तिथे दीर्घकाळ टिकतात. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आतड्याच्या रोगाचा विषाणूही मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. प्रत्येकाने आपल्या कुत्र्याची विष्ठा तिथल्या तिथे उचलून झाकणाच्या डब्यात टाकावी आणि डबे दररोज उचलले जावेत. जो हे करणार नाही, त्याचा पास पहिल्यांदा महिनाभर आणि दुसऱ्यांदा कायमचा रद्द करावा. यात दयामाया दाखवू नये, असे मी स्वतः श्वानपालक असून म्हणतो.

पासची पद्धत हा या योजनेचा कणा ठरावा. रेबीजची लस वयाच्या तिसऱ्या महिन्यात, त्यानंतर बूस्टर आणि पुढे दरवर्षी, हा क्रम पशुवैद्यक सांगतात. त्याचे प्रमाणपत्र, तसेच डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसींची नोंद दाखवल्याशिवाय पास मिळू नये. लसी पूर्ण न झालेली पिल्ले, माजावर आलेल्या माद्या आणि पूर्वी माणसाला चावल्याची नोंद असलेली कुत्री यांना सामाईक वेळेत प्रवेश नसावा. लहान मुलांनी मोठ्यांशिवाय आत येऊ नये. खाऊ आणि चेंडू आत नेऊ नयेत, कारण यांवरूनच जास्त भांडणे होतात. शर्यती लावण्यासाठी किंवा पैदाशीच्या सौद्यांसाठी ही जागा वापरली जाऊ नये, असे नियमातच लिहावे. पासचे वार्षिक शुल्क आम्ही आनंदाने देऊ. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने कुत्र्यांवर कर बसवण्याचीही मुभा महानगरपालिकेला दिलेली आहे, आणि त्या पैशातून पाळीव कुत्र्यांसाठी काही उभे राहणार असेल, तर त्याला विरोध करण्याचे कारण मला दिसत नाही. शिवाय पासमुळे शहरातील पाळीव कुत्र्यांची आणि त्यांच्या लसीकरणाची नोंद आरोग्य विभागाकडे आपोआप तयार होईल. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. अशा रोगाविरुद्ध ही नोंद किती मोलाची आहे, हे आपल्याला ठाऊक आहे.

श्वानपालक बंधू-भगिनींनाही इथेच सांगणे आहे. मैदान मिळाले म्हणजे बाकावर बसून मोबाइल पाहायला मोकळीक मिळाली, असे होता कामा नये. पुढचे पाय जमिनीला टेकवून पाठचा भाग उंच करणारा कुत्रा खेळायला बोलावतो आहे. शेपूट पोटाखाली घेऊन कोपरा शोधणारा कुत्रा सुटका मागतो आहे. अंग ताठ करून, तोंड मिटून, नजर रोखून उभा राहिलेला कुत्रा पुढच्या क्षणी अंगावर जाईल. हा फरक ओळखता आला पाहिजे आणि वेळीच आपले कुत्रे बाजूला घेता आले पाहिजे. हाक मारल्यावर येणे घरी शिकवल्याशिवाय कोणी मैदानात येऊ नये. आणि प्रत्येक कुत्र्याला घोळका मानवतोच असे नाही. म्हातारी, भित्री किंवा आजारातून उठलेली कुत्री तिथे नेणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. अशांसाठी दिवसातील काही अर्धे तास एकेका कुटुंबाला राखून देता आले, तर ते फार उपयोगाचे होईल. चिडक्या कुत्र्यांची सोयही त्यातच होईल.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न या मागणीशी जोडला जाऊ नये, अशी विनंती आहे. त्यांच्या निर्बीजीकरणासाठी आणि लसीकरणासाठी २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत, सर्वोच्च न्यायालयाचे २०२५ मधील आदेश आहेत, आणि ते काम मोठे व तातडीचे आहे. त्यासाठीचा निधी किंवा मनुष्यबळ या मैदानाकडे वळवू नये आणि पकडलेली कुत्री ठेवण्यासाठी हे मैदान वापरू नये. फक्त एक संबंध नमूद करतो: हौसेने आणलेला कुत्रा आवरेनासा झाला, की काही लोक त्याला शहराबाहेर सोडून येतात. कुत्र्याला पुरेसा व्यायाम मिळाला, तर अशी वेळ कमी घरांवर येईल.

हा प्रयोग देशात नवा नाही. हैदराबाद महानगरपालिकेने २०१८ मध्ये कोंडापूर परिसरात सुमारे १.३ एकरांवर केवळ कुत्र्यांसाठी उद्यान सुरू केले. त्यात लहान आणि मोठ्या कुत्र्यांचे विभाग वेगळे आहेत. अमेरिकेतील बर्कली येथे १९७९ मध्ये सुरू झालेले मैदान या प्रकारातील जगातले पहिले मानले जाते, आणि तेही भुयारी रेल्वेच्या कामानंतर वर मोकळ्या राहिलेल्या पट्ट्यावर, रहिवाशांच्या पुढाकाराने उभे राहिले होते. हैदराबादसारखी कारंजी आणि कसरतीची साधने आम्हाला नकोत. जाळी, दोन फाटके, नळ, डबे आणि एक ठळक फलक एवढ्यावर कोल्हापूरचे काम भागेल.

प्रयोग एका वर्षासाठी असावा. सहा महिने पुरणार नाहीत, कारण दिवाळीपासून मेपर्यंत कोणतीही जागा चांगलीच चालते. खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या काळात होईल. वर्षभरात झालेल्या चाव्यांची, तक्रारींची आणि रद्द झालेल्या पासांची नोंद मैदानाच्या फलकावर दर महिन्याला लावावी, आणि वर्षाच्या शेवटी शेजारच्या रहिवाशांचे मत आधी विचारावे, आमचे नंतर. त्यांनी जागा नको म्हटले, तर ती बंद करण्याचा अधिकार महानगरपालिकेकडे असावा.

त्याआधी दोन गोष्टी व्हाव्यात. वीस गुंठ्यांहून मोठ्या, ताब्यात असलेल्या आणि वापरात नसलेल्या खुल्या जागांची यादी नगररचना विभागाने प्रसिद्ध करावी. आणि उद्यान विभागाचे अधिकारी, एक शासकीय पशुवैद्यक, त्या त्या भागातील रहिवासी व श्वानपालक यांनी मिळून त्यांतील तीन-चार जागांची पाहणी करावी. पाहणी पावसाळ्यात ठेवली तर अधिक बरे, म्हणजे पाणी कुठे साचते ते डोळ्यांनी दिसेल. आपण तारीख कळवावी. जागेची मापे घेण्यापासून रोज सकाळी फाटकावर पास तपासण्यापर्यंतची कामे वाटून घेण्यास आम्ही श्वानपालक तयार आहोत.

आपला नम्र,
राजारामपुरीतील एक श्वानपालक